लाभार्थी की हक्कदार? : आरोग्यसेवेच्या शासकीय हमीची चिकित्सा

प्रस्तावना

आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क आहे काय, आणि असल्यास त्याची हमी शासनाने घेतली पाहिजे काय, हा प्रश्न महाराष्ट्रापुरता आता निकालात निघाला आहे, असा समज होण्यासारखी परिस्थिती आहे. २०२३ साली राज्य शासनाने या संदर्भात दोन महत्त्वाचे निर्णय घेतले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे प्रतिकुटुंब संरक्षण दीड लाख रुपयांवरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ते शिधापत्रिकेच्या रंगाचा भेद न करता राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय हा पहिला होय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या संस्थांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय हा दुसरा होय. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि सेवा निःशुल्क असणे आणि ती हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सार्वजनिक चर्चेत त्यांची सरमिसळ होते आणि त्यामुळे मूळ प्रश्न नजरेआड होतो. सेवा सुरळीत मिळते तोवर योजना आणि हक्क सारखेच दिसतात. त्यांतील अंतर प्रकट होते ते सेवा नाकारली जाते त्या क्षणी. खाट शिल्लक नाही, विशेषज्ञ हजर नाही, यंत्र बंद आहे, अमुक आजार योजनेच्या यादीत नाही, असे सांगून रुग्णाला परत पाठविले जाते तेव्हा त्याच्या हाती काय उरते? या प्रश्नाच्या उत्तरावरूनच तो लाभार्थी आहे की हक्कदार, हे ठरते. प्रस्तुत लेखात भारतीय राज्यघटना, न्यायनिर्णय, आरोग्य धोरण आणि राजस्थानचा २०२३ चा आरोग्य हक्क कायदा यांची याच कसोटीवर चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

१) दान, योजना आणि हक्क : संकल्पनांतील भेद

आजाऱ्याची सेवा करणे हे पुण्यकर्म मानण्याची परंपरा आपल्या समाजात जुनी आहे. धर्मार्थ दवाखाने आणि विश्वस्त संस्थांची रुग्णालये या परंपरेतूनच उभी राहिली. त्यांचे सामाजिक मोल मोठे आहे. परंतु दानामध्ये देणाऱ्याची इच्छा निर्णायक असते. घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे, अशी अपेक्षा असते. त्याने जाब विचारावा, अशी नसते.

शासकीय योजना ही दानाच्या पुढची पायरी होय. तिच्यामागे लोकांनी निवडलेले सरकार आणि अर्थसंकल्पातील तरतूद असते. तरीही बहुतांश योजना शासन निर्णयाच्या आधारे चालतात. शासन निर्णयाने दिलेले दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येते, पात्रतेच्या अटी बदलता येतात, आजारांची यादी वाढविता अथवा कमी करता येते. योजनेच्या भाषेत नागरिकाला लाभार्थी म्हटले जाते. या शब्दातच लाभ देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, ही भूमिका गृहीत धरलेली आहे.

हक्काचे स्वरूप याहून वेगळे असते. त्यात किमान तीन गोष्टी निश्चित असाव्या लागतात. कर्तव्य कोणाचे, ते किती मुदतीत पार पाडावयाचे, आणि ते पार न पाडल्यास दाद कोठे मागावयाची व भरपाई वा दंड काय, या त्या तीन गोष्टी होत. हा भेद महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात राज्यात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या या योजनेचे पुढे कायद्यात रूपांतर झाले. विधिमंडळाने १९७७ साली संमत केलेला हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्याने शासनावर घातले. काम देणे ही सरकारची मेहेरबानी न राहता ते सरकारचे देणे ठरले. २००५ च्या केंद्रीय माहितीच्या अधिकार कायद्यातही तीस दिवसांची मुदत, अपिलाची सोय आणि माहिती अधिकाऱ्यावर दररोज २५० रुपयांप्रमाणे कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड, अशी रचना आहे. दाखल्यांसारख्या सेवांसाठी महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. दाखला वेळेत न मिळाल्यास अपील करता येते. परंतु उपचार न मिळाल्यास तशी सोपी आणि निश्चित वाट उपलब्ध नाही. ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

येथे आणखी एका बाबीचा उल्लेख अगत्याचा ठरतो. राज्याच्या आरोग्य योजनेला ज्यांचे नाव आहे, त्या जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. त्या मागणीचा आधार दयाबुद्धी हा नव्हता. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. हाच युक्तिवाद आरोग्यसेवेलाही लागू पडतो. दैनंदिन खरेदीतून अप्रत्यक्ष कराचा भार उचलणारा शेतमजूर सरकारी दवाखान्याच्या दारात येतो, तेव्हा तो फुकट काही मागण्यासाठी आलेला नसतो.

२) राज्यघटना आणि न्यायालयीन भूमिका

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व या अहवालाने स्पष्टपणे मांडले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना पुढे आणली. अल्प मुदतीच्या आराखड्यात ४०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असे प्रमाण समितीने सुचविले होते. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्याआधीच दोन वर्षे भारतात हा विचार लिखित स्वरूपात उपलब्ध होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

राज्यघटनेने मात्र आरोग्याला मूलभूत हक्कांच्या भागात स्थान दिले नाही. अनुच्छेद ४७ अन्वये लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले गेले. परंतु हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये येतो आणि अनुच्छेद ३७ नुसार ही तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. शिक्षणाची स्थितीही एकेकाळी अशीच होती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटातील शिक्षण मूलभूत हक्कांत आले आणि २००९ साली त्याचा कायदा झाला. आरोग्याच्या बाबतीत तसे पाऊल उचलले गेले नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अर्थविस्तार करून केले.

या संदर्भात तीन निर्णय एकत्र वाचणे उपयुक्त ठरते. १९८९ सालच्या परमानंद कटारा प्रकरणात अपघातग्रस्त स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून दाखल न करता सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील दुसऱ्या रुग्णालयात नेण्यास सांगितले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला. कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता जीव वाचविणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दुसरा निर्णय १९९६ सालचा, पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या याचिकेवरील आहे. १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट वा सुविधा नसल्याचे सांगून परत पाठविले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि निधीची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले व २५,००० रुपयांची भरपाई मंजूर केली.

तिसरा निर्णय मात्र वेगळ्या दिशेचा आहे. पंजाब सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीवर मर्यादा घातली होती. १९९८ साली न्यायालयाने ती वैध ठरविली. कोणत्याही राज्याची साधने अमर्याद नसतात, हे कारण त्यासाठी ग्राह्य धरले गेले. दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या या निर्णयांत थेट विरोध आहे असे नाही, कारण एक तातडीच्या उपचारांविषयी आहे आणि दुसरा प्रतिपूर्तीच्या दरांविषयी. परंतु तातडीचा प्रसंग आणि खर्चाची प्रतिपूर्ती या दोन टोकांच्या मध्ये जो विस्तीर्ण प्रदेश आहे, म्हणजे बाळंतपण, क्षय, मधुमेह, मानसिक आजार, कर्करोगाचे वेळेवर निदान, त्यासंबंधी हक्काच्या सीमा न्यायनिर्णयांतून सुस्पष्ट होत नाहीत.

न्यायालयाने घडविलेल्या हक्काची आणखी एक मर्यादा आहे. तो नकारानंतर जन्माला येतो. १९९२ सालच्या अपघाताची भरपाई १९९६ साली मिळाली, तीही एक संघटना पाठीशी उभी राहिली म्हणून. ज्याच्यामागे संघटना नाही, त्याच्यासाठी हा हक्क निकालपत्रातच राहतो. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. या घटनेची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाची ही तत्परता स्तुत्य होय. परंतु मृत्यूंचा आकडा वृत्तपत्रांत येईपर्यंत दाद मागण्याची कोणतीही वाट रुग्णाला वा नातलगांना सहजी खुली नसावी, ही व्यवस्थेची उणीव होय.

३) ग्राहक आणि लाभार्थी

वैद्यकीय सेवेसंबंधी दाद मागण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे ग्राहक न्यायालय. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. रुग्णांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा होता. परंतु त्यातच एक भेदरेषाही आखली गेली. जेथे काही रुग्णांकडून शुल्क घेतले जाते आणि काहींना मोफत सेवा दिली जाते, तेथील मोफत रुग्णही कायद्याच्या कक्षेत येतात. मात्र जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते, तेथील रुग्ण ग्राहक ठरत नाही. नोंदणीसाठी नाममात्र रक्कम घेतली जात असली तरी त्याने फरक पडत नाही. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही निःशुल्क सेवा व्याख्येबाहेरच ठेवण्यात आली आहे.

या भेदरेषेचा सामाजिक अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. पैसे मोजणारा रुग्ण ग्राहक असतो, म्हणून त्याला तक्रार करण्याचे व्यासपीठ मिळते. पैसे न मोजणारा रुग्ण लाभार्थी असतो, म्हणून त्याला ते मिळत नाही. दिवाणी न्यायालयाचे वा रिट याचिकेचे दार त्याला मोकळे आहे हे खरे. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरील कुटुंबाने वकील करून उच्च न्यायालयात जाणे कितपत शक्य आहे? जो सर्वाधिक गरजू त्याच्याच हाती दाद मागण्याचे साधन सर्वांत कमी, असा हा विपरीत क्रम आहे. २०२३ च्या निर्णयाने राज्यातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्था निःशुल्क झाल्या. खर्चाचा भार उतरला, ही गोष्ट निर्विवाद चांगली झाली. त्याच वेळी तेथे उपचार घेणारा माणूस ग्राहक नाही ही स्थिती अधिक पक्की झाली आणि तो हक्कदार मात्र झाला नाही. सेवा मोफत करताना हक्काचा कायदा सोबत नसेल, तर काय घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४) धोरणातील माघार आणि विम्याचा मार्ग

राष्ट्रीय पातळीवर आरोग्याचा हक्क कायद्यात आणण्याची संधी अलीकडच्या काळात एकदा आली होती. नव्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचा मसुदा २०१५ च्या प्रारंभी चर्चेसाठी खुला झाला, तेव्हा आरोग्यसेवा नाकारणे न्यायप्रविष्ट होऊ शकेल अशा स्वरूपाच्या राष्ट्रीय कायद्याचा विचार त्यात मांडला होता. २०१७ साली अंतिम धोरण जाहीर झाले, त्या वेळी ही कल्पना मागे पडली. पुरेशा आरोग्य सुविधा उभ्या राहिल्याखेरीज असा हक्क देणे व्यवहार्य नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने आश्वस्त करण्याचा मार्ग स्वीकारावा, अशी भूमिका घेण्यात आली. सार्वजनिक आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्टही याच धोरणात नमूद आहे.

ही भूमिका सकृद्दर्शनी समंजस वाटते. परंतु हक्क नसल्यामुळे सुविधा वाढविण्याचा दबाव निर्माण होत नाही आणि सुविधा नाहीत म्हणून हक्क देता येत नाही, अशा चक्रात हा प्रश्न अडकतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे कोविडच्या साथीमुळे खर्च वाढलेला असतानाही, शासकीय आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के एवढा होता. याच लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय आहे आणि हक्काचा कायदा नसतानाही सार्वजनिक खर्चाने फरक पडू शकतो, हे तिच्यावरून मान्य करावे लागते. तरीही दर शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये आजारपणाच्या वेळी थेट खिशातून जातात, हे प्रमाण थोडे नव्हे.

या काळात शासनाचा भर विमास्वरूप योजनांकडे राहिला. महाराष्ट्रात १९९७ ची जीवनदायी योजना, २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणि २०१७ मध्ये तिला मिळालेले महात्मा फुले यांचे नाव, हा क्रम सर्वपरिचित आहे. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ साली आली. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार यांसाठी या योजनांनी अनेक कुटुंबांना सावरले आहे. परंतु त्यांचा रोख प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, यादीतील उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि दर महिन्याला लागणारी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे यांचा खर्च त्यात सहसा सामावत नाही. शिवाय अंगीकृत रुग्णालयाने योजनेतील खाटा भरल्याचे सांगितले, तर आरोग्यमित्राला विनंती करण्यापलीकडे रुग्णाला फारसे काही करता येत नाही. येथेही प्रश्न पुन्हा नकाराच्याच क्षणापाशी येऊन थांबतो.

५) राजस्थानच्या कायद्याचा अनुभव

या पार्श्वभूमीवर राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी संमत केलेला आरोग्य हक्क कायदा विशेष महत्त्वाचा ठरतो. आरोग्याचा हक्क कायद्याने देणारे राजस्थान हे देशातील पहिले राज्य ठरले. सरकारी संस्थांत मोफत सेवा, तातडीच्या प्रसंगी आगाऊ रकमेची मागणी न करता उपचार, रुग्णाने खर्च न दिल्यास शासनाकडून प्रतिपूर्ती, राज्य व जिल्हा स्तरावर प्राधिकरणे, आणि भंगाबद्दल पहिल्या वेळी १०,००० व त्यानंतर २५,००० रुपयांपर्यंत दंड, अशा तरतुदी त्यात आहेत. वर सांगितलेल्या तीन कसोट्यांपैकी कर्तव्य आणि दंड या दोन येथे बऱ्याच अंशी पूर्ण होतात.

खासगी डॉक्टरांनी या कायद्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. तातडीचा प्रसंग म्हणजे नेमके काय, प्रतिपूर्ती कोण, किती आणि केव्हा करणार, हे त्यांचे प्रश्न होते. हे प्रश्न केवळ स्वार्थापोटी उपस्थित झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शासकीय योजनांची देयके वेळेवर मिळत नाहीत, ही खासगी रुग्णालयांची तक्रार देशभर ऐकू येते. छोट्या गावात दहा खाटांचे रुग्णालय कर्ज काढून चालविणाऱ्या डॉक्टरला प्रतिपूर्तीची अनिश्चितता परवडणारी नसते. अखेर ४ एप्रिल २०२३ रोजी समझोता झाला. पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये, तसेच शासनाकडून सवलतीत जमीन वा इमारत न घेतलेल्या संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे मान्य करण्यात आले. त्याच वर्षी राज्यात सत्तांतर झाले आणि कायदा संमत होऊन दोन वर्षे उलटली तरी त्याच्या अंमलबजावणीचे नियम अंमलात आले नाहीत.

या अनुभवातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, शासनाने आपले कर्तव्य स्वतःच्या संस्थांमध्ये पार पाडण्याऐवजी ते खासगी क्षेत्रावर ढकलल्याची भावना निर्माण झाली, तर हक्काची बाजू दुबळी होते. हक्काची पहिली जबाबदारी जिल्हा रुग्णालयाची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची असावयास हवी. दुसरा असा की, नियम करण्याचे काम कार्यकारी यंत्रणेवर मुदतीविना सोपविले, तर विधिमंडळाने दिलेला हक्क कागदावरच राहतो. सत्तांतरानंतर टिकून राहणे ही हक्काची खरी परीक्षा असते. महाराष्ट्राची रोजगार हमी त्या परीक्षेस उतरली होती. राजस्थानचा आरोग्य हक्क मात्र उतरू शकला नाही.

६) आक्षेपांचा परामर्श

आरोग्य हक्काच्या विरोधात सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात. साधने मर्यादित असताना अमर्याद हक्क कसा देणार, हा पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप होय. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. तेथील राज्यघटनेच्या कलम २७ ने आरोग्यसेवा मिळविण्याचा हक्क दिला आहे आणि तातडीचे उपचार कोणालाही नाकारता येणार नाहीत, असेही म्हटले आहे. १९९७ साली मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका रुग्णाने डायलिसिससाठी दाद मागितली. यंत्रे मोजकी होती आणि रुग्णनिवडीचे निकष वाजवी होते, म्हणून तेथील संविधान न्यायालयाने ती मागणी नाकारली. याच न्यायालयाने २००२ साली मात्र मातेकडून अर्भकाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखणारे नेव्हिरॅपिन हे औषध मोजक्या केंद्रांपुरते मर्यादित न ठेवता अन्य सार्वजनिक रुग्णालयांतही उपलब्ध करून देण्याचा आदेश सरकारला दिला. हक्क असणे म्हणजे मागेल ते मिळणे नव्हे, तर नकाराचे वाजवी कारण देण्यास शासनाला भाग पाडणे होय, हे या दोन निर्णयांवरून स्पष्ट होते. पहिल्या प्रकरणात कारण टिकले, दुसऱ्यात टिकले नाही.

हक्काची हमी श्रीमंत देशांनाच परवडते, हा दुसरा आक्षेप आहे. थायलंडने २००२ साली राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा केला, तो १९९७ च्या आर्थिक संकटाला फार वर्षे लोटली नव्हती अशा काळात. उपचारांत हानी पोहोचलेल्या रुग्णाला दोषनिश्चितीची वाट न पाहता प्राथमिक साहाय्य देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. सुबत्ता येईपर्यंत थांबणे अपरिहार्य नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

तिसरा आक्षेप असा की, हक्क दिल्याने डॉक्टरांवर खटल्यांचा आणि रोषाचा भार वाढेल. वस्तुस्थिती पाहता आज कोणतीही दाद नसल्यामुळेच नातलगांचा संताप समोर दिसणाऱ्या निवासी डॉक्टरवर आणि परिचारिकेवर कोसळतो. औषध खरेदी झाली नाही किंवा पदे रिक्त राहिली, यांत त्यांचा दोष नसतो. कर्तव्य संस्थेचे आणि शासनाचे आहे, असे कायद्याने स्पष्ट केल्यास खाली काम करणाऱ्या माणसाला उलट संरक्षणच मिळेल.

७) महाराष्ट्राच्या संदर्भात हक्काचा किमान आशय

महाराष्ट्रात हक्काचे काही तुकडे आधीपासून उपलब्ध आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. तरीही २०२५ साली पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयातील आगाऊ रकमेच्या मागणीवरून निर्माण झालेला वाद राज्यभर गाजला. नियम अस्तित्वात असूनही तो रुग्णाच्या हाती नव्हता, हेच त्या वादाचे सार होय.

हे तुकडे एका कायद्यात जोडता येतील. त्यासाठी सर्व आजारांवरील सर्व उपचारांची हमी एकदम देण्याची आवश्यकता नाही. तातडीचे उपचार, प्राथमिक आरोग्यसेवा, बाळंतपण व अर्भकसेवा आणि शासनाच्या अत्यावश्यक यादीतील औषधे, एवढ्यापासून प्रारंभ करता येईल. यांतील एक तरतूद मात्र सर्वांत कळीची आहे. ती म्हणजे लेखी नकाराची. आज रुग्णाला तोंडी परत पाठविले जाते. त्याच्याजवळ कागद नसतो, म्हणून पुरावा नसतो. पुरावा नसतो, म्हणून तक्रार होत नाही. आणि तक्रार होत नाही, म्हणून उणीव कोठेच नोंदली जात नाही. रुग्णाला पुढे पाठविताना कोणती सेवा, कोणत्या कारणाने, किती वाजता देता आली नाही आणि ती कोठे मिळेल, हे लिहून देणे प्रत्येक संस्थेवर बंधनकारक केल्यास दोन गोष्टी साधतील. रुग्णाला दाद मागण्याचा आधार मिळेल आणि कोणत्या तालुक्यात भूलतज्ज्ञ नाही, कोठे रक्तसाठा नाही, याचा खरा हिशेब शासनापुढे येईल. याला लागणारा खर्च कागदापुरताच आहे. ही तरतूद निधीअभावी शक्य नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

आरोग्यसेवा हा शासनाने हमी द्यावी असा हक्क आहे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. मात्र त्या होकाराचा अर्थ नेमका असावयास हवा. भोर समितीने तत्त्व दिले, राज्यघटनेने कर्तव्य सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधून हक्काला जन्म दिला आणि शासनाने योजनांमधून खर्चाचा भार हलका केला. या चारही टप्प्यांत नाकारल्या गेलेल्या रुग्णाला जवळची, स्वस्त आणि मुदतबद्ध दाद मिळवून देण्याचे काम शिल्लक राहिले आहे. राजस्थानने ते करण्याचा प्रयत्न केला. तो अपुरा ठरला, म्हणून त्यामागील तत्त्व चुकीचे ठरत नाही.

मोफत उपचार ही मोठी गोष्ट आहे. परंतु उपचार मोफत असूनही ते न मिळाल्यास का मिळाले नाहीत, हे विचारण्याचा अधिकार नसेल, तर त्या मोफतपणाला कृपेचेच स्वरूप राहते. रोजगाराच्या बाबतीत कृपेचे रूपांतर हक्कात करण्याचे काम महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम करून दाखविले. आरोग्याच्या बाबतीत तेच काम हाती घेण्याइतकी प्रशासकीय क्षमता आणि वैचारिक वारसा या राज्यापाशी निश्चितच आहे. विधिमंडळाने ते हाती घेईपर्यंत सरकारी दवाखान्याच्या रांगेतील माणूस कागदोपत्री लाभार्थीच राहील, आणि परत पाठविला गेल्यास त्याला विचारण्यासारखा प्रश्न असेल, पण तो विचारण्याचे ठिकाण नसेल.